पार्माचं दुओमो आणि बात्तिस्तेरो: सुरुवात मागच्या दारापासून करा

उत्तर इटलीतल्या पार्मा शहरात मी चार वेळा गेलो. त्यातली पहिली खेप पाण्यात गेली. मुलीकडे मिलानला तीन महिने राहायला गेलो होतो, तेव्हा तिने हौसेने एका सहलीत माझं नाव घातलं. गाइडबाईंनी चौकात पाच मिनिटं भाषण केलं, दुओमोत, म्हणजे तिथल्या कॅथेड्रलमध्ये, नेलं आणि म्हणाल्या, "आता वर बघा." आम्ही पंचवीस जणांनी माना वर केल्या. वर काळोख. मान अवघडली, चक्कर आली आणि मी खांबाला टेकून बसलो. बात्तिस्तेरो, म्हणजे शेजारची बाप्तिस्म्याची इमारत, तर बाहेरूनच, बसकडे पळता पळता पाहिलं. "ती गुलाबी इमारत कसली?" असं मी विचारलं, तर उत्तर येईपर्यंत मंडळी चीज चाखायला निघालीही होती.

बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर म्हणून माझी बत्तीस वर्षं गेली. नीट न बघता इमारत सोडून आलो, हे मनाला लागलं. पुढच्या तीन खेपा स्वतःच्या पायाने केल्या. त्यातून जो क्रम हाती लागला तो इथे सांगतो.

मिलान-बोलोन्या लाइनवर पार्मा येतं. रिजनल गाडीने साधारण दीड तास लागतो. स्टेशनपासून चौक, म्हणजे पियाझ्झा दुओमो, रमतगमत पंधरा-वीस मिनिटांवर. सोबत तीन वस्तू घ्या: छोटी दुर्बीण, हातात मावेल असा आरसा आणि एक-दोन युरोची चार-पाच नाणी. आरसा कशाला ते पुढे येईलच. नाणी अशासाठी, की इटलीतल्या पुष्कळ चर्चमध्ये पेटीत नाणं टाकलं की चित्रावरचे दिवे काही मिनिटं लागतात. आमच्या सहलीत नाणं कोणी टाकलंच नव्हतं, म्हणून तो काळोख. कॅथेड्रलमध्ये जायला पैसे पडत नाहीत, बात्तिस्तेरोला तिकीट आहे आणि त्याच तिकिटावर शेजारचं म्युझियमही बघता येतं. खांदे झाकलेले असावेत, आणि प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबायची तयारी ठेवा.

आता चौकात उभे राहा. समोर कॅथेड्रल, त्याच्या उजव्या अंगाला विटांचा उंच मनोरा, त्याच्याही उजवीकडे आठ बाजूंचं गुलाबी बात्तिस्तेरो, आणि पाठीशी बिशपचा वाडा. एकाच धर्माच्या दोन इमारती इतक्या जवळ कशाला, असं मलाही वाटलं होतं. बात्तिस्तेरो ही फक्त बाप्तिस्म्याची जागा. पूर्वी बाप्तिस्मा झाल्याशिवाय माणूस चर्चमध्ये पूर्णपणे सामील होत नसे, म्हणून त्या विधीला वेगळी वास्तू. आठ बाजू अशासाठी, की सात दिवसांत सृष्टी झाली आणि आठवा दिवस नव्या जन्माचा, येशूच्या पुनरुत्थानाचा.

कॅथेड्रल वयाने मोठं आहे. ११०६ मध्ये पोप पास्काल दुसरा यांच्या हस्ते त्याचा अर्पणविधी झाला, आणि ११ वर्षांनी, १११७ च्या भूकंपात त्याचं इतकं नुकसान झालं की बराच भाग पुन्हा उभारावा लागला. बात्तिस्तेरोचं काम ११९६ मध्ये सुरू झालं. त्यामुळे सगळे आधी कॅथेड्रलमध्ये शिरतात. तुम्ही शिरू नका. बात्तिस्तेरोला वळसा घालून थेट मागे, दक्षिणेच्या दाराशी जा. तिथे सहसा चिटपाखरूही नसतं.

दारावर अर्धगोल कोरीव फलक आहे. मधोमध एक झाड. झाडात एक तरुण आरामात बसलाय आणि पोळ्यातला मध काढतोय. खाली बुंध्याशी दोन जनावरं मुळं कुरतडतायत, आणि त्यांच्याही खाली आग ओकणारा अजगरासारखा प्राणी जबडा वासून वाट बघतोय. दोन्ही बाजूंना सूर्य आणि चंद्र आपापले रथ हाकतायत, म्हणजे दिवस आणि रात्र.

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तिथल्या कठड्यावर बसूनच राहिलो. कारण हा माणूस माझ्या ओळखीचा होता. आपल्याकडचा मधुबिंदूचा दृष्टांत! महाभारताच्या स्त्रीपर्वात विदुर धृतराष्ट्राला सांगतो तो: विहिरीत वेलींना लटकलेला ब्राह्मण, तळाशी सर्प, काठावर हत्ती, मुळं कुरतडणारे काळे-पांढरे उंदीर, आणि तरीही ठिबकणाऱ्या मधाची त्याची हाव सुटत नाही. लहानपणी हे चित्र मी एका जैन मंदिराच्या भिंतीवर पाहिलं होतं. बाराव्या-तेराव्या शतकातल्या इटालियन दारावर ते आलं कुठून?

आलं ते पायी पायी. बुद्धाच्या चरित्राची कथा इराणमधून अरबीत गेली, तिथून जॉर्जियन, मग ग्रीक, मग लॅटिन. प्रत्येक मुक्कामी नावं थोडी घासली गेली. 'बोधिसत्त्व'चं 'बुदासफ' झालं, त्याचं 'योदासफ' आणि शेवटी 'जोसाफात'. राजवाडा सोडणारा राजपुत्र ख्रिस्ती झाला, त्याला उपदेश करणाऱ्या साधूचं नाव पडलं बार्लाम, आणि त्या उपदेशात हा मधाचा दृष्टांत जसाच्या तसा राहिला. युरोपात पुढे या दोघांना संत मानू लागले. गौतम बुद्ध आपल्या नकळत चर्चच्या यादीत जाऊन बसले ते असे.

पार्माच्या कारागिराने विहीर आणि हत्ती गाळलेत. शिवाय उंदीर त्याने भलतेच दांडगे केलेत, लांडगे म्हणून सहज खपतील. पण मध काढणाऱ्याचा चेहरा बघा, दुर्बीण लावून बघा. त्याला खालचं काहीच ठाऊक नाही. इतकं निवांत माणूस मी दगडात क्वचित पाहिलंय.

इथे निदान वीस मिनिटं काढा. मग भिंतीला हात लावता येईल इतकं जवळ जा, पण लावू नका. या दगडाला सगळे 'वेरोनाचा गुलाबी संगमरवर' म्हणतात. खरं तर तो संगमरवर नव्हे, चुनखडक आहे, समुद्राच्या तळाशी साचलेला. म्हणूनच त्यात गोल गोल गुंडाळलेल्या शंखांचे ठसे सापडतात. शाळिग्रामात जे चक्र असतं, त्याच जातीचा हा प्राणी. दुसऱ्या खेपेला मी पाऊण तास घालवून असं एक चक्र शोधून काढलं, वाटीच्या तोंडाएवढं. तुम्हाला कुठे ते सांगणार नाही, शोधण्यातच मजा आहे. त्याच फेरीत जमिनीपासून थोड्या उंचीवर भिंतीभोवती फिरणारी चौकोनी फलकांची ओळ दिसेल: पंखवाली जनावरं, माशाच्या शेपटीचे घोडे, कसले कसले पक्षी. सत्तरहून जास्त फलक आहेत. सगळ्यांचा अर्थ लावत बसू नका, आवडेल त्यापुढे थांबा.

मान वर करून मजल्यांकडेही बघा. बारीक खांबांचे सज्जे एकावर एक चार ओळींत आहेत, आणि त्या खांबांवर कमानी नाहीत, सरळ दगडी पाट टाकलेत. कमानी आहेत त्या या चारांच्याही वरच्या, शेवटच्या ओळीत. साइटवरच्या माणसाला यात काम कसं रखडलं ते वाचता येतं. कारण काम खरंच रखडलं होतं. वेरोनावर एझ्झेलिनो दा रोमानो नावाच्या सरदाराची हुकमत आली आणि दगडाचा पुरवठा तुटला. मटेरियल अडलं की काय होतं ते मला कोणी सांगायला नको. अर्पणविधीला १२७० साल उजाडलं आणि वरचं टोकाटोकाचं काम त्यानंतरही चालूच राहिलं.

पश्चिमेच्या दारावर अंतिम न्याय आहे, म्हणजे जगाच्या शेवटी सगळ्यांचा होणारा निवाडा. तो युरोपात शंभर ठिकाणी दिसतो, म्हणून वर फार रेंगाळू नका. बाजूच्या चौकटी मात्र बघा. एकीकडे दयेची कामं: भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, आजाऱ्याची सेवा. दुसरीकडे द्राक्षमळ्यात वेगवेगळ्या प्रहरी आलेले मजूर, आणि तेच माणसाच्या आयुष्याचे टप्पेही. उशिरा आलेल्या गड्यालाही मालक पूर्ण रोज देतो, ही गोष्ट. मी हजेरीचा मस्टर सांभाळलेला माणूस आहे, मला ती कधीच पटली नाही.

मग उत्तरेचं, चौकाकडचं दार. मुख्य फलकात मांडीवर बाळ घेतलेली मरिया आणि भेटी घेऊन आलेले ज्ञानी लोक आहेत. पण मी तुम्हाला इथे आणलं ते एका ओळीसाठी. दारावरच्या आडव्या पाटावर लॅटिनमध्ये लिहिलंय, की हजार दोनशेमधून दोनदा दोन वर्षं काढली असता, बेनेदेत्तो नावाच्या शिल्पकाराने हे काम आरंभलं. करा वजाबाकी: ११९६. आपल्या जुन्या पोथ्यांच्या शेवटी शक असाच शब्दांत गुंफलेला असतो, वाचणाऱ्याने बोटं मोजावीत म्हणून. हा बेनेदेत्तो आंतेलामी. आंतेलामी हे घराण्याचं नाव नव्हे. आल्प्सच्या पायथ्याशी इंटेल्वी नावाचं खोरं आहे, तिथल्या गवंड्या-पाथरवटांना ते नाव पडलं होतं.

आत जाण्याआधी आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती सांगायला उत्तरेच्या दाराबाहेरची सावली बरी. सालिंबेने नावाचा एक फ्रान्सिस्कन साधू इथलाच, जन्म १२२१ चा. त्याने मोठी बखर लिहून ठेवली आहे, आणि तिच्यात घरच्या गोष्टीही मोकळेपणाने घातल्यात. त्याचं घर या इमारतीला लागून होतं. १२२२ च्या नाताळात मोठा भूकंप झाला तेव्हा तो पाळण्यात होता. बात्तिस्तेरो अंगावर कोसळेल या भीतीने आईने दोन्ही मुलींना दोन काखोटीला मारलं आणि माहेरी धाव घेतली. हा मागे पाळण्यातच! मोठेपणी तिनेच त्याला हे सांगितलं. तो लिहितो, की तेव्हापासून आईवरची माझी माया जरा कमी झाली. मी मुलगा, तिने माझी काळजी जास्त करायला हवी होती. आईचं म्हणणं, मुली उचलायला सोप्या होत्या. आठशे वर्षं होत आली तरी हा रुसवा ताजा आहे. आणि इमारत पडली नाही, हे तुम्ही बघताच आहात.

आता तिकीट काढून आत. आत गेल्या गेल्या वर बघू नका. भिंतीच्या कडेला बसा आणि आधी बाजू मोजा. बाहेर आठ होत्या, आत सोळा भरतात. बाहेरच्या दर बाजूमागे आत दोन कोनाडे बसवलेत, त्यामुळे आतली जागा जवळजवळ गोल वाटते. मग लक्षात येईल की बाहेरून घुमट दिसलाच नव्हता. भिंती वरपर्यंत सरळ चढवून त्यांनी घुमट आत लपवलाय. त्या भिंतींचं वजन घुमटाच्या रेट्याला आवळून धरतं. सोळा बरगड्यांचा हा घुमट आतून उघडलेल्या छत्रीसारखा दिसतो.

आता आरसा काढा. तळहातावर आडवा धरा, पोटाजवळ, आणि खाली बघा. घुमट तुमच्या हातात येतो. मान शाबूत. फोनचा पुढचा कॅमेराही चालतो, पण आरशात रंग जास्त चांगले दिसतात. चित्रं तेराव्या शतकातली, बायझंटाइन वळणाची, वर्तुळाच्या पट्ट्यांत मांडलेली. अगदी टोकाला आकाश, मग प्रेषित म्हणजे येशूचे शिष्य, मग सिंहासनावर ख्रिस्त, खाली येशूला बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं चरित्र आणि अब्राहामाच्या कथा. एकेक पट्टा आरशात फिरवत बघायचा, एका वेळी एकच.

मध्यभागी दगडाचं मोठं आठ कोनी कुंड आहे. त्याच्या पोटात पाकळ्यांच्या आकाराची एक कोरडी जागा ठेवलीये. पुजारी त्यात उभा राहून भोवतालच्या पाण्यात बाप्तिस्मा देत असे, म्हणजे त्याचे पाय भिजत नसत. काम करणाऱ्या माणसाची सोय आधी बघणारा हा आराखडा मला फार आवडतो.

आणि मग दुर्बीण. पहिल्या सज्ज्याच्या उंचीवर बारा महिने आणि दोन ऋतू मूर्तिरूपात ठेवलेत, त्यांच्यासोबत राशीही. हे आंतेलामी आणि त्याच्या कारखान्याचं काम. जानेवारी दोन तोंडांचा: एक गेल्या वर्षाकडे, एक येत्या वर्षाकडे. फेब्रुवारी कुदळ-फावड्याशी. मार्च शिंग फुंकतोय. जूनमध्ये कापणी, जुलैत घोडे फिरवून मळणी, ऑगस्टमध्ये एक जण पिंपाला कड्या ठोकून ते घट्ट करतोय, कारण सप्टेंबरात द्राक्षं येणार आहेत. कामाच्या आदल्या महिन्यात भांडी तयार! ऑगस्टच्या त्या माणसापुढे मी दर खेपेला जास्त वेळ थांबतो. नोव्हेंबर सलगम उपटतोय. हिवाळा म्हणजे एक दाढीवाला म्हातारा, अर्ध्या अंगात कपडे, अर्धं अंग उघडं. कडाक्याची थंडी आणि तिचं ओसरणं, दोन्ही एकाच देहात.

बाहेर येऊन काहीतरी खा. पुढचा भाग उपाशीपोटी जमत नाही.

कॅथेड्रलचा दर्शनी भाग लवकर आटपतो. तीन ओळी सज्ज्यांच्या, दारापुढे छत्री, आणि तिचे खांब पाठीवर घेतलेले दोन सिंह, १२८१ चे. उजवीकडचा मनोरा १२८४ ते १२९४ मध्ये झाला, डावीकडचा जोडीदार उभाच राहिला नाही. मनोऱ्याच्या टोकावर सोनेरी देवदूत आहे.

आत शिरलात की भिंतींवरची रंगीत चित्रं हाका मारतील, लक्ष देऊ नका. थेट पुढे जा, क्रुसाच्या आकाराच्या या इमारतीच्या उजव्या बाहूत. तिथे भिंतीवर एक आडवी शिला आहे: येशूला क्रुसावरून उतरवतायत. आंतेलामीचं नाव आणि ११७८ साल तीवर कोरलेलं आहे. बात्तिस्तेरोच्या १८ वर्षं आधीचा हा त्याचा हात. माणसं अजून ताठ आहेत, कपड्यांच्या चुण्या पन्हळीच्या पत्र्यासारख्या. पण शिडीवरचा निकोदेमस, येशूचा एक अनुयायी, बघा. एका हाताने आधार घेऊन पकडीने खिळा उपटतोय. खिळा उपटताना माणूस कसा वजन टाकतो हे ज्याने पाहिलंय त्यालाच असं कोरता येतं. दुसरीकडे एका देवदूताने येशूचा सुटलेला हात अलगद उचलून मरियेच्या गालाशी नेलाय. उजव्या कोपऱ्यात शिपाई त्याच्या झग्यासाठी फासे टाकतायत. आणि एक देवदूत एका बाईचं डोकं दाबून खाली वाकवतोय. ती बाई म्हणजे ज्यूंचं सिनेगॉग, त्यांच्या धर्माचं प्रतीक. तेही बघा. इतक्या कोमल शिळेवर हा दुस्वास शेजारीच आहे, तो वगळून कारागिराचं कौतुक करणं मला जमत नाही.

आता जिथे माझी मान अवघडली ती जागा. घुमटातलं मरियेच्या स्वर्गारोहणाचं चित्र कोरेज्जो या चित्रकाराचं. करार १५२२ चा, प्रत्यक्ष काम १५२६ ते १५३० दरम्यानचं. गाइडबाईंची चूक अशी की त्यांनी आम्हाला सरळ घुमटाखाली उभं केलं. तसं करू नका. मधल्या दालनात मागे राहा आणि हळूहळू पुढे चालत या. आधी घुमटाच्या चार कोपऱ्यांतले शहराचे राखणदार संत दिसतात. चार पावलं पुढे आलात की रंगवलेल्या कठड्यापाशी हात उंचावलेले प्रेषित. खऱ्या गोल खिडक्या त्या चित्रातच सामावून घेतल्यात, त्यामुळे घुमटाला आठ कोपरे आहेत हे डोळा विसरतो. मग वेदीकडच्या पायऱ्या. जाऊ देतात तिथवर चढा, दर पायरीला थांबा. ढगांची चक्रं सुरू होतात, मरिया दिसते, आणि अगदी शेवटी वरच्या पिवळ्या उजेडातून पाय झाडत खाली झेपावणारा ख्रिस्त, आईला घ्यायला आलेला. चालणाऱ्या माणसासाठी काढलेलं चित्र आहे हे, जागच्या जागी मान वर करून ते उलगडत नाही. नाणं इथेच टाका. आणि आरसा पुन्हा काढा.

सांगतात की चर्चमधल्या एकाने हे बघून नाक मुरडलं, म्हणाला, हा तर बेडकांच्या तंगड्यांचा रस्सा. आणि चित्रकार तित्सियान म्हणे उत्तरला, घुमट उलटा करून सोन्याने भरलात तरी किंमत फिटणार नाही. खरंखोटं देव जाणे, पण वर इतक्या उघड्या पोटऱ्या आहेत की बेडूकवाल्यालाही मी अगदी दोष देणार नाही.

पाय चालत असतील तर तळघरात जा, तिथल्या खांबांच्या माथ्यांत एक दुसऱ्यासारखा नाही. नसतील चालत, तर म्युझियममध्ये जा. सॉलोमन राजा आणि शेबाची राणी या आंतेलामीच्या मूर्ती तिथे डोळ्यांच्या पातळीवर, दोन हातांवरून बघायला मिळतात.

आणि निघण्यापूर्वी परत दक्षिणेच्या दाराशी. भर दुपारी ऊन समोरून असेल तर कोरीवकाम सपाट वाटतं. दुपार कलली की तिरप्या उन्हात फलक फुगून वर येतो, पोळ्याच्या खाचा आणि मुळांशी टेकलेले दातसुद्धा दिसतात. चौथ्या खेपेला मुलीला घेऊन गेलो होतो. ती म्हणाली, "बाबा, हे उंदीर नाहीत हो, कुत्री आहेत." मी म्हटलं, "लांडगे." ती म्हणाली, "नीट बघा." मी दुर्बीण लावली. मग तिने घेतली. मग परत मी. त्या नादात आमची सहाची गाडी चुकली.